साहेबाच्या मुलखातील वहिवाट

॥ श्री ॥

लीड्स,
वैशाख शुद्ध पौर्णिमा

चि. बापू यांस,

अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालास, की एक दिवसाआड बोलणे होत असता दादांनी पदरचे पैसे खर्चून पत्र लिहिण्याचा अट्टाहास का करावा. त्याचे उत्तर इतकेच, की ज्या मनुष्याने मामलेदार कचेरीत एकतीस वर्षे कारकुनी केली, त्यांतील सहा वर्षे केवळ बारनिशी सांभाळली, आणि जी गोष्ट कागदावर आली नाही ती घडलीच नाही असे समजण्याची ज्याच्या मनाला सवय जडली, त्याला फोनवरील बोलणे म्हणजे वाऱ्यावर केलेली नोंद वाटते. फोनला आवक नाही, जावक नाही, आणि उद्या मुकरून जावे म्हटले तर साक्षीदारही नाही. प्रस्तुत पत्रात एक मुद्दा असा आहे, की ज्यावरून मला स्वतःलाच उद्या मुकरता येऊ नये. तो अखेरीस येईल. तू सवयीप्रमाणे शेवटचे पान आधी वाचशील, हे मी जाणून आहे. तथापि निकाल वाचण्यापूर्वी कैफियत वाचावी, असा रिवाज आहे.

येथील वर्तमान असे. बाळ व सूनबाई आपापल्या नोकरीत, मुले शाळेत, आणि आम्ही उभयता खिडकीत, अशी आठवड्याच्या पाच दिवसांची वाटणी आहे. शनिवार उजाडला, की सगळे घर ‘चालावयास’ निघते. बापू, आपल्याकडे मनुष्य चालतो तो एस. टी. चुकली म्हणून, नाहीतर डॉक्टरने दटावले म्हणून. येथे मनुष्य मोटारीतून वीस मैल जातो, मोटार उभी करतो, पाच मैल चिखलातून चालतो आणि ज्या ठिकाणाहून निघाला त्याच मोटारीपाशी परत येऊन अत्यंत कृतार्थ मुद्रेने जोडे पालटतो. प्रारंभी मला या व्यवहाराचे प्रयोजन उमगेना. जेथून निघालो तेथेच यावयाचे, तर निघालो कशाला? यावर तुझी वहिनी म्हणाली, “मग प्रदक्षिणा घालता तेव्हा कुठे जाता?” मी निरुत्तर झालो. तरी प्रदक्षिणेच्या मध्यभागी दैवत असते, ते इकडच्या प्रदक्षिणेत कोठे आहे, ही शंका माझ्या मनात कित्येक आठवडे राहिली. आणि फेरीच्या अखेरीस लोक ज्या भक्तिभावाने चहाच्या दुकानात शिरतात तो पाहिल्यावर तिचे निरसन झाल्यासारखे वाटले.

या फेऱ्यांची पुस्तके मिळतात आणि त्यांत सोपी, मध्यम व बिकट अशी प्रतवारी केलेली असते. आमच्या गुडघ्यांची वतनदारी लक्षात घेऊन बाळाने आमच्यासाठी ‘सोपी’ हीच प्रत मुक्रर केली. पहिली फेरी कालव्याकाठची झाली. लीड्सपासून लिव्हरपूलपर्यंत १२७ मैलांचा कालवा आहे. त्याचे काम १७७० साली, म्हणजे आपल्याकडे थोरले माधवराव गादीवर असताना सुरू झाले आणि १८१६ साली पेशवाईची अखेर दिसू लागली तेव्हा पुरे झाले. पूर्वी काठावरून घोडा चाले आणि दोरखंडाने बोट ओढी. घोडा गेला, बोटी सैलान्यांच्या झाल्या, पण घोड्याची वाट राहिली, आणि घोड्याला चढ सोसत नसल्यामुळे ती आमच्यासारख्यांस परम अनुकूल आहे. बिंग्ली गावाशी मात्र कालवा एकदम जिना चढतो: १७७४ साली बांधलेल्या, एकास एक लागून असलेल्या पाच हौदांतून बोट सुमारे साठ फूट वर जाते. एका हौदात बोट घ्यावी, मागचे दार लावावे, वरचे पाणी सोडावे, पाण्याबरोबर बोट उचलली गेली की पुढचे दार उघडावे, असा हा क्रम. मी तासभर उभा राहून पाहिला. प्रत्येक पायरीवर थांबावयाचे, मागचे दार बंद झाल्याखेरीज पुढचे उघडावयाचे नाही, आणि अखेर तसूतसूने वर चढावयाचे! आपल्या सरकारी बढतीचे इतके यथातथ्य दर्शन मला अन्यत्र घडले नव्हते.

परंतु ज्या फेरीसाठी हे पत्र लिहीत आहे ती परवाच्या शनिवारची, बोल्टन ॲबीची. लीड्सच्या वायव्येस वीस-बावीस मैलांवर, यॉर्कशर डेल्स म्हणून जो खोऱ्याखोऱ्यांचा प्रांत आहे, त्यात व्हार्फ नावाच्या नदीकाठी हे स्थळ वसले आहे. निघण्यापूर्वी बाळाने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. आणि बापू, खरे सांगतो, इतका वेळ देहाने परदेशात असलेला मी त्या क्षणी मनाने कचेरीत जाऊन बसलो. अडीच इंचास एक मैल असे प्रमाण, शेताशेताचे बांध दाखविलेले, ओढे, विहिरी, पडके गोठे यांची नोंद, आणि त्या सर्वांवरून, कोणाच्या खाजगी शेतातून, कोणाच्या अंगणालगत, हिरव्या तुटक रेषांनी काढलेल्या सार्वजनिक पायवाटा. त्यांच्या सर्वेक्षण खात्याचा जन्म १७९१ चा असल्याचे नातवाने मोठ्या अभिमानाने सांगितले. आपले भारतीय सर्वेक्षण खाते १७६७ चे, म्हणजे चोवीस वर्षांनी वडील आहे, हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिले. आपले खातेही याच लोकांनी काढले, हा तपशील त्याने विचारला नाही आणि मी सांगितला नाही.

प्रस्थानाचा सरंजाम वर्णन करण्याजोगा होता. सूनबाईंनी प्रत्येकास पावसाळी कोट, जाड तळाचे जोडे व लोकरीचे मोजे वाटले. मी माझी कानटोपी व आपल्या वडिलांची काळी छत्री एवढीच आयुधे पुरेशी मानली. आणि तुझ्या वहिनीने थालीपिठे, लोणी, दाण्याची चटणी व दहीभात असा डबा भरला, जो उचलण्यासाठी खरे म्हणजे कालव्यावरचा तो घोडाच हवा होता.

गावात उतरल्यावर रस्त्याकडेने एक लांबलचक उंच दगडी भिंत लागते. त्या भिंतीत एक भोक आहे. त्याचे नावही लोकांनी ‘भिंतीतले भोक’ असेच ठेवले आहे. नावे ठेवताना या लोकांस अलंकाराची हौस नाही. तू त्या भोकातून पाऊल टाकतोस मात्र, आणि इतका वेळ ज्याचा मागमूसही नव्हता ते सारे खोरे तुझ्या पायांशी उलगडते: खाली वळण घेत गेलेली नदी, तिच्या काठची हिरवळ, हिरवळीवर चरणाऱ्या मेंढ्या व त्यांची कोकरे, आणि मध्यभागी छप्पर गेलेल्या, रिकाम्या कमानींतून आभाळ दाखविणाऱ्या मठाच्या भिंती. भिंत घालणाऱ्याने ते भोक ठेवले नसते तर येणारा-जाणारा दगड पाहून पुढे गेला असता. हे भोक ध्यानात ठेव. त्याचे काम पुढे पडणार आहे.

या स्थळास ॲबी म्हणतात, पण ते कधीच ॲबी नव्हते. ॲबी म्हणजे मोठा मठ. हा होता प्रायरी, म्हणजे त्याहून एक पायरी खालचा, ऑगस्टिनियन पंथाच्या मठवाशांचा, ११५४ साली येथे वसलेला. एखाद्या वाडीस पूर पदवी मिळावी आणि ती दप्तरातून कोणी काढू नये, तसे हे झाले आहे. पुढे आठव्या हेन्री राजाने पोपशी भांडण काढून देशातील झाडून सारे मठ खालसा केले, त्यात हाही गेला. छपराचे शिसे गेले, दगड गेले. परंतु मठाचा सभामंडप गावकरी आपल्या उपासनेसाठी आधीपासूनच वापरीत होते, म्हणून तेवढा वाचला, आणि आजही तेथे रविवारी प्रार्थना होते. म्हणजे मागचा अर्धा भाग भग्न आणि पुढचा अर्धा नांदता. जे इनामावर उभे होते ते पडले आणि जे गावाच्या वहिवाटीत होते ते राहिले, हे पाहून मी तेथेच छत्रीवर दोन्ही हात टेकून काही काळ उभा राहिलो. बाळास वाटले मला दम लागला. पश्चिमेकडे एक मनोरा आहे, त्याचे काम मून नावाच्या शेवटच्या मठाधिपतीने १५२० साली काढले आणि मठ खालसा झाल्यामुळे ते अर्धवट राहिले. त्यावर छप्पर चढले १९८४ साली. चारशे चौसष्ट वर्षे! आपल्या गावच्या समाजमंदिराच्या कामाविषयी मी यापुढे अवाक्षर काढणार नाही.

मठाखाली नदी ओलांडण्याचे दोन मार्ग आहेत. एक सुरक्षित लाकडी पूल. दुसरा म्हणजे पाण्यातून ओळीने मांडलेले, साठाच्या घरातले दगड, ज्यांवरून मनुष्याने एकेक पाऊल टाकीत पैलतीर गाठावा. नातवंडे दगडांवरून धावली. तुझी वहिनी पुलाकडे वळली. मी, कृष्णेत पोहणे शिकलेला मनुष्य, दगडांवर उतरलो. अठरा-वीस दगड मी अत्यंत प्रतिष्ठेने पार केले, आणि समोरून एक वृद्ध आंग्ल बाई, हाती साखळी व साखळीस एक लठ्ठ कुत्रा, अशा याच दगडांवरून येताना दिसल्या. मध्यावर आमची गाठ पडली. त्या म्हणाल्या, “सॉरी.” मी म्हणालो, “सॉरी.” कुत्रा काही म्हणाला नाही. मग त्यांनी मला वाट देऊ केली, मी त्यांना देऊ केली, आणि एका पावलाच्या रुंदीच्या दगडावर, खाली खळाळते पाणी वाहत असताना, परस्परांच्या सौजन्यामुळे उभयपक्षी रस्ता बंद पडला. आमच्या कचेरीत दोन अधिकारी दारात एकमेकांस “आधी आपण” म्हणत असत, त्यावर तोड म्हणून शिपाई दोघांच्या मधून जात असे. येथे ती तोड कुत्र्याने काढली. तो माझ्या पायांमधून पुढे गेला. यानंतर काय घडले त्याचा तपशील या पत्राच्या प्रयोजनाशी संबद्ध नाही. माझा एक जोडा किंचित ओला झाला, इतके नमूद केले म्हणजे पुरे.

तेथून नदीकाठाने वर वर गेले, की स्ट्रिडचे रान सुरू होते. जुने ओक, त्यांच्या खोडांवर मखमलीसारखे शेवाळ, आणि या दिवसांत झाडांखाली निळ्या घंटांसारख्या फुलांचा असा गालिचा, की जमिनीवर सावली पडली आहे की आभाळ, हे क्षणभर कळू नये. या फुलांस ब्लूबेल म्हणतात. परंतु तुझ्या वहिनीचे लक्ष त्यांच्याकडे नव्हते. तिने नाक वर केले, दोन पावले पुढे गेली आणि म्हणाली, “फोडणी कुठे चाललीय?” ओलसर उतारावर पांढऱ्या चांदणीफुलांची, रुंद हिरव्या पानांची झाडे मैलभर दाटली होती, आणि सारे रान लसणीने घमघमत होते. ही त्यांची रानलसूण. तिने एक पान चुरडून हुंगले, डब्यातल्या थालीपिठाकडे पाहिले, मग त्या अफाट उताराकडे पाहिले. आणि राखीव रानातले पान तोडू नये असे बाळाने सांगताच, इतके सोन्यासारखे पीक कापणीविना वाळू देणाऱ्या लोकांविषयी तिचे जे मत झाले ते तिने मराठीत, म्हणून निर्भयपणे, मोठ्याने व्यक्त केले.

वाटेत एक आडवे पडलेले खोड आहे. त्याच्या अंगावर जाणाऱ्या-येणाऱ्यांनी शेकडो नाणी दगडाने ठोकून बसविली आहेत, अशी की लाकडास खवले आल्यासारखे दिसावे. इच्छा धरावी आणि नाणे ठोकावे. या लोकांच्या बुद्धिवादाविषयी शाळेत आपल्याला जे शिकविले ते थोडे दुरुस्त करावे लागेल. तसेच ठायी ठायी बाके आहेत आणि प्रत्येक बाकावर एक पितळी पट्टी: अमुक गृहस्थास हा देखावा प्रिय होता. आपल्याकडे घाटाच्या पायरीवर दात्याचे नाव कोरतात, त्याने पैसे दिले म्हणून. येथे मृताचे नाव लिहितात, तो येथे बसत असे म्हणून. आम्ही अशाच एका अनोळखी परलोकवासी गृहस्थाच्या बाकावर त्याची परवानगी गृहीत धरून दहीभात खाल्ला.

या रानातल्या पायवाटा आपोआप पडलेल्या नाहीत. येथील विल्यम कार नावाच्या पाद्र्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या आखल्या, वळणावळणावर नदीचा नवा देखावा दिसावा अशा बेताने. हा पाद्री मोठा हिकमती असावा, कारण याच गृहस्थाने एक गाय इतकी प्रचंड पोसली, की ती दूरदूर मिरविली गेली आणि तिच्या नावाच्या खानावळी या प्रांतात अद्याप आहेत. धर्मोपदेशकाचे नाव गाईमुळे राहावे, यात आपल्या लोकांस तरी नवल वाटू नये.

स्ट्रिड म्हणजे या फेरीचा गाभारा. इतका वेळ ऐसपैस वाहणारी व्हार्फ नदी येथे एकाएकी दोन खडकांच्या चिरेत शिरते आणि जेमतेम दोन मीटर रुंद होते. नदीचे पाणी जाणार कोठे? ते खाली जाते. खडक आतून पोखरलेले आहेत, पाणी खोल व भयंकर ओढीचे आहे, आणि वरून मात्र वाटते, की एक ढांग टाकली तर पलीकडे. ही ढांग टाकणारे कित्येक जण जिवास मुकले आहेत; म्हणून जागोजाग इशाऱ्याच्या पाट्या आहेत. आख्यायिका अशी, की बाराव्या शतकात या मुलखाच्या मालकिणीचा, ॲलिस द रोमिली हिचा, तरुण मुलगा शिकारी कुत्र्यास दोरीने बांधून उडी मारता झाला. कुत्रे ऐनवेळी कचरले, दोरीस हिसका बसला, मुलगा गेला. आणि शोकाकुल मातेने त्याच्या स्मरणार्थ मठास ही जमीन दिली. वर्ड्‌स्वर्थने यावर कविता केली आहे. मीही हळहळलो. परंतु पुढे वाचता असे आढळले, की ज्या दानपत्राने ही जमीन मठास मिळाली त्या दानपत्रावर या मुलाचे नाव पक्षकार व साक्षीदार म्हणून आहे! बापू, मयताच्या सहीचे दस्त मी आयुष्यात कमी पाहिले नाहीत, पण मयताच्या स्मरणार्थ केलेल्या दस्तावर खुद्द मयताचीच साक्ष, हे प्रकरण माझ्यापुढे आले असते तर मी शेरा मारून परत पाठविले असते. वर्ड्‌स्वर्थ कचेरीत नव्हता, हे काव्याचे भाग्य.

आता मुद्द्याकडे येतो. परतताना बाळाने एका लहानशा गावाशी मोटार थांबविली व म्हणाला, येथून शेतातून मैलभर वाट आहे, पाय मोकळे करू. रस्त्याकडेस लाकडी खांब, त्यावर ‘सार्वजनिक पायवाट’ असा निर्देश व पिवळा बाण. आणि बाण दाखवितो कोठे, तर सरळ एका मनुष्याच्या कुरणात! चुन्याविना, नुसत्या दगडावर दगड बेतून रचलेला गडगा, आणि त्याच्या तोंडाशी एक फाटक, जे लहानशा कोंडाळ्यात मागेपुढे हलते, अशा रीतीने की मनुष्य एकेक करून निघून जातो व गाय अडते. या फाटकाचे नाव बाळाने फार आढेवेढे घेऊन सांगितले. मराठीत त्यास चुंबनद्वार म्हणावे लागेल. फाटक दोन्ही खांबांस स्पर्श करते म्हणून हे नाव, असे त्याचे म्हणणे. परंतु पुढे गेलेल्याने मागून येणाऱ्याकडून त्या नावाची जकात घ्यावी असाही प्रघात असल्याचे नातीने तत्परतेने सांगितले. मी पुढे होतो. तुझ्या वहिनीने डब्याची पिशवी माझ्या हाती ठेवली, “भरली जकात” म्हणाली आणि पुढे चालू लागली.

कुरणाच्या मध्यावर शेतकरी भेटला. उंच बूट, हाती काठी, मेंढ्यांची पाहणी चाललेली. मी जागीच थांबलो. दुसऱ्याच्या शेतात सापडलेल्या मनुष्याची मुद्रा कशी असते ते तुला ठाऊक आहे. मी टोपी काढून म्हणालो, की आम्ही आपल्या शेतातून जात आहोत, आपली परवानगी असावी. त्याने माझ्याकडे पाहिले, बाणाकडे पाहिले, आणि अत्यंत शांतपणे जे उत्तर दिले त्याचा आशय असा: वाट माझी नाही, तर मी परवानगी कशी देऊ? फाटक तेवढे लावून घ्या.

बापू, मी एकतीस वर्षांत रस्त्याची शेकडो प्रकरणे हाताळली. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली अडविलेली वाट खुली करण्याचे अर्ज, जमीन महसूल संहितेच्या १४३ कलमाखाली बांधावरून रस्ता मागणारे अर्ज, पंचनामे, स्थळपाहण्या, फुटलेली डोकी आणि मग त्या डोक्यांचे दाखले. एकही शेतकरी मला असा भेटला नाही, की जो आपल्या सातबाऱ्यावरील जमिनीच्या मध्यात उभा राहून म्हणेल, की ही पट्टी माझी नाही. घरी येऊन मी ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचली. येथे लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे अखंड, जबरीने नव्हे, चोरून नव्हे आणि परवानगी मागूनही नव्हे, असे चालले, की ती वाट लोकांची झाली असे कायदा धरून चालतो. परवानगी मागितली की हक्क बुडाला. म्हणजे मी टोपी काढून जे केले ते सौजन्य नसून वहिवाटीचा घात होता! अशा वाटा इंग्लंड व वेल्स मिळून १,४०,००० मैल आहेत, आणि त्या नकाशावर पक्क्या नोंदविण्याचे फर्मान १९४९ च्या कायद्याने सुटले.

हे सारे गोडीगुलाबीने झाले असे मात्र समजू नकोस. १९३२ च्या एप्रिलमध्ये, दक्षिणेकडे किंडर स्काउट नावाचा डोंगर आहे, तेथे सुमारे चारशे लोक, बहुतेक गिरण्या-कारखान्यांतले, मुद्दाम घुसले. कारण तो डोंगर शिकारीच्या पाखरांसाठी राखलेला होता आणि माणसांस मज्जाव होता. रखवालदारांशी झटापट झाली, पाच तरुण तुरुंगात गेले. तो डोंगर होता डेव्हनशरच्या ड्यूकचा. आणि आम्ही ज्या बोल्टन ॲबीत दिवसभर हिंडलो ती जहागीरही त्याच घराण्याची. पुढे २००२ साली, त्या घटनेस सत्तर वर्षे झाली तेव्हा, त्या वेळचे ड्यूक त्याच ठिकाणी लोकांपुढे उभे राहिले आणि आपल्या आजोबांच्या हातून झालेल्या अन्यायाबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली.

येथे माझ्या कैफियतीचे शेवटचे कलम. २००५ च्या पुरात नदीकडची जुनी वाट खचली, तेव्हापासून कुंभारआळीची माणसे आपल्या मळ्याच्या बांधावरून घाटावर जाऊ लागली. कोणी परवानगी मागितली नाही, चोरून गेले नाहीत, कोणाचे कणीस मोडले नाही. अठरा वर्षे झाली तेव्हा मी, निवृत्त अव्वल कारकून, ओसरीवर बसून बोटे मोजली आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातल्या वीस वर्षांची धास्ती घेऊन तुला म्हणालो, “अजून दोन वर्षे गेली तर वाट कायमची गळ्यात पडेल, काटे लाव.” तू माझ्या शब्दाखातर बाभळीचे काटे लावलेस. तेव्हापासून म्हाताऱ्याकोताऱ्या धुण्याची बोचकी घेऊन पाणंदीने मैलभर वळसा घालतात, आणि वाटेत आपल्या घरावरून जाताना पूर्वी “वहिनी, हायसा का?” म्हणत, ते आता म्हणत नाहीत. काट्यांची तजवीज मी केली आणि बोल तुला लागला. ड्यूकच्या घराण्यास उमज पडावयास सत्तर वर्षे लागली. मला इतका अवकाश उरलेला नाही.

तरी या पत्राने कळविण्यात येते, की सदर काटे काढावेत. त्या जागी गडगा फोडून एक माणूस जाईल एवढे भोक ठेवावे. गुरे अडावीत म्हणून लाकडी फाटक बसवावे, त्याचे नाव गावात कोणास सांगू नये. आणि कोणी परवानगी मागावयास आले, तर देऊ नये. वाट आमची नाही, एवढेच सांगावे.

बाकी सर्व क्षेम. चि. सौ. कुसुमला व मुलांना आशीर्वाद. पत्राची पोच पत्रानेच द्यावी.

तुझा,
दादा

ता. क. : भावोजींना वहिनीचे आशीर्वाद. पाकिटात जागा होती म्हणून दोन ओळी लिहिते. काट्यांचे यांनी शनिवारी रात्रीच मला सांगितले आणि रात्रभर झोपले नाहीत, म्हणून रविवारी सकाळी मीच कुसुमला फोन केला. ती म्हणाली, काटे मागच्या दिवाळीतच तिने काढले. तुम्ही दोघे भाऊ मळ्याच्या त्या अंगाला कधी जातच नाही, मग कळणार कसे? तेव्हा हे पत्र नुसते दप्तरी लावा आणि पोच तेवढी मोठ्या अक्षरात पाठवा, त्यांना बरे वाटेल. आणि जोडा किंचित ओला झाला नव्हता. कंबरेपर्यंत बसले होते पाण्यात, छत्री उघडी, टोपी डोक्यावर. त्या बाईंनी आणि कुत्र्याने मिळून वर काढले.